लंडनमधला रशियाचा वकील : इव्हान मायस्की

दुसऱ्या महायुद्धावरचे इंग्रजी सिनेमे आपल्या पिढीने मुंबईला मेट्रो आणि रीगलमध्ये पुष्कळ पाहिले. नॉर्मंडीचा किनारा, आफ्रिकेतले वाळवंट, क्वाय नदीवरचा पूल. सिनेमा सुटल्यावर घरी जाताना मनात एकच पक्कं व्हायचं, की हिटलरला हरवलं ते इंग्रजांनी आणि अमेरिकनांनी. रशिया असलाच तर कुठेतरी लांब बर्फात. आणि चीन? चीनचे तर नावच नाही.

आता आकडे बघा. त्या युद्धात ब्रिटनची माणसे गेली साधारण साडेचार लाख, शिपाई आणि शहरांतली माणसे मिळून. सोव्हिएत रशियाची गेली २ कोटी ६६ लाखांच्या आसपास. चीनची मोजदाद कोणी नीट केलेली नाही, पण दीड ते दोन कोटी असे अंदाज आहेत. साडेचार लाख घरांतले दुःख कमी होते असे कोण म्हणेल? पण दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवल्यावर सिनेमातली गोष्ट अपुरी वाटू लागते, एवढं खरं.

ही गोष्ट लढाई चालू असतानाच इंग्रज लोकांच्या कानावर घालण्याचं काम एका माणसाकडे होतं. त्यांचे नाव इव्हान मायस्की. १९३२ ते १९४३ अशी अकरा वर्षे ते लंडनमध्ये रशियाचे राजदूत होते. पेशवाईत अशा माणसाला वकील म्हणत, आणि मायस्कींना तो जुना शब्दच जास्त शोभतो, कारण त्यांनी खरोखर वकिलीच केली. त्यांचे वडील पोलंडकडच्या यहुदी घराण्यातले. म्हणूनही आपल्याला त्यांची ओळख असायला हवी.

मायस्की जन्मले १९ जानेवारी १८८४ रोजी, रशियातल्या किरिलोव्ह नावाच्या लहान गावी. खरे आडनाव ल्याखोवेत्स्की. वडील लष्करात डॉक्टर, आई रशियन, शाळेत शिकवणारी. बालपण गेले सैबेरियात, ओम्स्क शहरात. आई यहुदी नसल्यामुळे आपल्या नियमाप्रमाणे मुलगा यहुदी ठरत नाही, आणि घरात धर्माचे वातावरणही नव्हते. शनवार नाही, सण नाही. वडिलांचा ओढा शास्त्राकडे, मुलाचा पुस्तकांकडे.

सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात शिकत असताना झारविरोधी चळवळीत पडले म्हणून १९०२ साली त्यांना काढून टाकले. पुढे अटक, सैबेरियात हद्दपारी, मग परदेश. म्युनिकला राहून अर्थशास्त्र शिकले. तिथेच त्यांनी मायस्की हे टोपणनाव घेतले. मायस्की म्हणजे मे महिन्याचा, वसंतातला. सैबेरियाच्या थंडीत वाढलेल्या मुलाने हेच नाव निवडावे यात नवल नाही.

१९१२ साली ते पहिल्यांदा लंडनला आले. खिशात पैसे नाहीत, इंग्रजी येत नाही. आपल्यापैकी जे साठच्या दशकात विलायतेला आले त्यांना ती भाड्याची खोली, तो धूर आणि तो एकटेपणा समजावून सांगायला नको. तिथे त्यांची मैत्री झाली मॅक्सिम लिटव्हिनॉव्ह यांच्याशी. हेही यहुदी, आणि पुढे रशियाचे परराष्ट्रमंत्री झाले. पाच वर्षांत मायस्कींनी इंग्रजी भाषा तर शिकलीच, पण इंग्रज माणूसही ओळखला. हा माणूस लगेच हो म्हणत नाही, लगेच नाहीही म्हणत नाही, आणि त्याच्याशी काम असेल तर आधी जेवायला बसावे लागते, हे त्यांनी मनात लिहून ठेवले.

१९१७ च्या क्रांतीनंतर ते मायदेशी परतले, पण बोल्शेविकांच्या बाजूने नाही, तर विरोधी मेन्शेविक पक्षात. यादवी युद्धात व्होल्गाकाठी समारा शहरात बोल्शेविकांविरुद्ध एक सरकार उभे राहिले, त्यात ते मजूरमंत्रीसुद्धा होते. मग तो पक्ष सोडला आणि १९२१ साली बोल्शेविकांना मिळाले. झाले गेले विसरून त्यांना घेतले खरे, पण स्टालिनच्या राज्यात जुने पाप कधी पुसले जात नसे. ही टांगती तलवार त्यांच्या डोक्यावर जन्मभर राहिली. लंडनमधला त्यांचा प्रत्येक शब्द ती लक्षात ठेवूनच वाचावा लागतो.

टोकियो, फिनलंड असे करत १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये ते राजदूत म्हणून पुन्हा लंडनला आले. वीस वर्षांपूर्वीचा फाटका निर्वासित आता केन्सिंग्टन पॅलेस गार्डन्समधल्या १३ नंबरच्या हवेलीत राहू लागला. ठेंगणे, गोलसर, बारीक डोळ्यांचे, ओठांवर हसू असलेले हे गृहस्थ आणि त्यांची पत्नी अग्निया यांच्याकडे सगळे जेवायला येत. मंत्री, विरोधी पक्षाचे पुढारी, लेखक, वर्तमानपत्रांचे मालक. चर्चिल तेव्हा सत्तेबाहेर होते, कोणी त्यांना फारसे विचारत नव्हते. मायस्कींनी मात्र तेव्हापासून त्यांच्याशी संबंध जोडला.

आणि रात्री पाहुणे गेले की मायस्की रोजनिशी लिहीत. स्टालिनच्या माणसाने रोजनिशी लिहायची म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा गोळा करायचा! तरी ते लिहीत राहिले.

चीनचे राजदूत क्वो ताइ-ची हेही १९३२ पासूनच लंडनला होते. मायस्की स्वतः टोकियोला राहून आलेले, त्यामुळे जपानी लष्कराची भूक त्यांना माहीत होती. १९३७ च्या जुलैत जपानने चीनवर मोठी चढाई केली, डिसेंबरात नानकिंग पडले आणि तिथे कत्तल झाली. म्हणजे इंग्रजांचे युद्ध सुरू होण्याच्या दोन वर्षे आधीपासून चीन लढत होता. त्या पहिल्या वर्षांत चीनला विमाने आणि वैमानिक दिले ते रशियाने. आपल्याकडून काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टर पाठवले. त्यांतले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिकडेच वारले, ९ डिसेंबर १९४२ ला. शांतारामबापूंच्या सिनेमामुळे कोटणीस आपल्याला ठाऊक झाले. पण ज्या लाखो चिनी शिपायांसाठी ते गेले त्यांची आठवण कोणाला आहे? ब्रिटनने तर १९४० च्या जुलैत जपानच्या दडपणाखाली ब्रह्मदेशाचा रस्ता तीन महिने बंद ठेवला. चीनला शस्त्रे नेणारा तो मोठा मार्ग होता. आणि पुढे १९४२ च्या एप्रिलमध्ये ब्रह्मदेशात येनांगयाउंगच्या तेलविहिरींजवळ जपान्यांनी इंग्रजांची फौज कोंडली, तेव्हा तिला सोडवायला चिनी पलटणच धावून आली.

लिव्हरपूलला राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. युद्धात ब्रिटनच्या मालवाहू जहाजांवर हजारो चिनी खलाशी होते, त्यांचा मोठा तळ लिव्हरपूल. जर्मन पाणबुड्यांच्या तोंडून त्यांनी या देशाला अन्न आणून दिले. युद्ध संपताच १९४५-४६ मध्ये सरकारने त्यांतल्या शेकडोंना उचलून परत पाठवले. कित्येकांच्या इंग्रज बायका आणि लहान मुले मागे राहिली, आपला माणूस कुठे गेला हे त्यांना कळलेसुद्धा नाही. तिथल्या बंदरावर त्यांच्या नावाची पाटी लागायला २००६ साल उजाडले.

असो, मायस्कींकडे वळू. १९३८ चा म्युनिक करार झाला, चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला दिला गेला. मायस्की तेव्हा इंग्रज मंत्र्यांना पटवत होते की रशियाला बरोबर घ्या. कोणी मनावर घेतले नाही. १९३९ च्या मे महिन्यात स्टालिनने लिटव्हिनॉव्ह यांना काढले आणि ऑगस्टमध्ये चक्क हिटलरशीच करार केला. पोलंड दोघांनी वाटून घेतले. नोव्हेंबरात रशियाने फिनलंडवर हल्ला केला. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मायस्कींनी लंडनमध्ये त्या कराराचेही समर्थन केले. मनात काय होते ते त्यांनाच ठाऊक, पण तोंडाने केले. त्या हिवाळ्यात त्यांच्या घरची जेवणे ओस पडली. रोज येणारे लोक रस्त्यात दिसले तरी ओळख देईनात.

या एकाकी काळातच, १९४१ च्या फेब्रुवारीत, त्यांच्याकडे एक पाहुणे आले : डॉ. हाइम वाइझमन. निमित्त व्यापाराचे. पॅलेस्टाइनची संत्री रशियाने घ्यावीत, बदल्यात लोकर-कातडी द्यावी. पण संत्र्यांचे बोलणे लवकरच संपले आणि वाइझमन मनातले बोलू लागले. युरोपातल्या लाखो यहुद्यांचे पुढे काय होणार याची त्यांना भयंकर काळजी होती. रशियातल्या यहुद्यांची नव्हे, तर मध्य युरोपातल्यांची. मायस्कींनी ते सगळे रोजनिशीत टिपून ठेवले. त्या वेळी रशिया लढाईत नव्हता. चार महिन्यांनी चित्र पालटले, आणि ज्यांची काळजी नव्हती ते रशियातले यहुदीही आगीत सापडले.

२२ जून १९४१, रविवार. जर्मनीने रशियावर हल्ला केला. त्याच संध्याकाळी चर्चिलनी रेडिओवरून रशियाला मदत जाहीर केली. कम्युनिस्टांचा जन्मभराचा वैरी, पण त्या दिवशी कचरला नाही. मात्र लंडनच्या लष्करी कचेरीत बहुतेकांचे मत असे, की रशिया काही आठवडे टिकेल. मायस्की सांगत राहिले की टिकेल, शेवटपर्यंत टिकेल. लोकांना वाटे, राजदूत आहे, असे म्हणणारच.

सप्टेंबरात जर्मनांनी लेनिनग्राडला वेढा घातला. मायस्की ज्या शहरात शिकले तेच हे शहर. वेढा चालला जवळजवळ नऊशे दिवस. भाकरीचा तुकडा तोलून मिळे, आणि सामान्य माणसाच्या वाट्याला पहिल्या हिवाळ्यात दिवसाला सव्वाशे ग्रॅम पाव आला, त्यातही भुसा. भूक, थंडी आणि तोफा यांनी आठ लाखांहून जास्त माणसे नेली. त्याच सप्टेंबरच्या २९ आणि ३० तारखेला, म्हणजे योम किप्पुरच्या तोंडावर, कीव्हजवळच्या बाबी यार घळीत ३३,७७१ यहुद्यांना गोळ्या घातल्या. हा आकडा मारणाऱ्यांनीच लिहून ठेवलेला आहे.

४ सप्टेंबरच्या रात्री मायस्की स्टालिनचे पत्र घेऊन १० डाउनिंग स्ट्रीटला गेले. पत्रात मागणी होती : फ्रान्समध्ये किंवा बाल्कनमध्ये दुसरी आघाडी उघडा, म्हणजे जर्मन फौजा आमच्यावरून थोड्या हटतील, शिवाय तीस हजार टन ॲल्युमिनियम आणि दरमहा चारशे विमाने व पाचशे रणगाडे द्या. मायस्कींनी आपल्या परीने गळ घातली. एकटा रशिया सगळा भार उचलतो आहे, आणि तो पडला तर पुढे ब्रिटनचे काय, असा त्यांचा रोख. चर्चिलना त्यात धमकीचा वास आला, ते चिडले. चार महिन्यांपूर्वी तुम्ही कोणाच्या बाजूने उतरणार हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हते, अशी आठवण त्यांनी करून दिली. दोघांचेही खरेच होते. सामान द्यायचे कबूल झाले, दुसऱ्या आघाडीला नकार मिळाला.

मग मायस्कींनी सरकारपेक्षा जनतेकडे मोर्चा वळवला. याच महिन्यात कारखान्यांत रशियासाठी रणगाड्यांचा आठवडा पाळला गेला : त्या आठवड्यात जे रणगाडे बनतील ते सगळे रशियाला. मायस्की पतिपत्नी कारखान्यांत गेले, कामगारांनी त्यांना डोक्यावर घेतले. चर्चिल यांच्या पत्नी क्लेमेंटाइन यांनी रेड क्रॉसतर्फे रशियासाठी निधी उघडला. कामगार आठवड्याच्या पगारातून पेनी-पेनी देत. असे करत युद्ध संपेपर्यंत जवळपास ८० लाख पौंड जमले, कपडे, औषधे गेली, रोस्तोव्ह शहरातल्या इस्पितळांना सामान मिळाले. इकडच्या बाजूने अग्निया मायस्काया या कामात होत्या. कॉव्हेंट्री शहर स्वतः बॉम्बने भाजलेले, तिथल्या बायकांनी आपली नावे भरतकामात विणून एक मोठे कापड स्टालिनग्राडला पाठवले, सोबत पैसे. पुढे १९४४ साली ही दोन शहरे एकमेकांची बहीण-शहरे झाली.

ब्रिटिश खलाशांचेही ऋण सांगायला हवे. उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातून रशियाला माल पोचवताना सुमारे तीन हजार जण बुडाले. १९४२ च्या जुलैत पीक्यू-१७ नावाच्या एकाच काफिल्यातली २४ जहाजे गेली. दुसरा मार्ग इराणचा. त्या रस्त्यावर हिंदी फौजेचे ट्रक-ड्रायव्हर माल घेऊन रशियाच्या हद्दीपर्यंत जात. आपल्या समाजातलेही कितीतरी जण त्या वर्षांत फौजेत होते. कोणाच्या आजोबांच्या जुन्या पेटीत इराण-इराकचा फोटो असेल तर जपून ठेवा.

या काळात चित्रकार ऑस्कर कोकोश्का यांनी मायस्कींचे चित्र काढले. कोकोश्कांची चित्रे हिटलरने कुजकी ठरवून भिंतींवरून उतरवली होती, ते पळून लंडनला आलेले. चित्राचे हजार पौंड आले, ते त्यांनी स्टालिनग्राडच्या इस्पितळासाठी देऊन टाकले, जखमी रशियन असो की जर्मन, दोघांच्या उपचारासाठी. ते चित्र आज टेट संग्रहालयाच्या मालकीचे आहे. यहुदी शिल्पकार जेकब एपस्टाइन यांनीही मायस्कींचा अर्धपुतळा केला.

पण मुख्य मागणी तशीच लोंबकळत राहिली. १९४२ साली दुसरी आघाडी येणार अशी आशा दाखवली गेली, ती १९४३ वर गेली, मग १९४४ वर. इंग्रजांकडेही कारणे होती. जहाजे कमी, तयारी अपुरी, आणि पहिल्या महायुद्धातली सोमची कत्तल त्यांच्या डोळ्यांपुढून जात नव्हती. मायस्कींना हे समजत होते, आणि तेच त्यांना छळत होते. ते लंडनला मॉस्कोची बाजू समजावत आणि मॉस्कोला लंडनची. दोन्हीकडे संशय. दरम्यान स्टालिनग्राडच्या रस्त्यारस्त्यांतून, घराघरांतून लढाई झाली आणि २ फेब्रुवारी १९४३ ला जर्मन सेनेने हत्यार ठेवले. लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये लाल सेनेच्या गौरवाचा मोठा सोहळा झाला. राजे जॉर्ज यांनी स्टालिनग्राडसाठी खास तलवार घडवली, ती पाहायला लोकांच्या रांगा लागल्या. टाळ्या भरपूर मिळाल्या. आघाडी मात्र जून १९४४ पर्यंत उघडली नाही.

त्याआधीच, १९४३ च्या उन्हाळ्यात, स्टालिनने मायस्कींना परत बोलावले. दुसरी आघाडी मिळवता आली नाही, शिवाय हा माणूस इंग्रजांत फार मिसळला आहे, असा ठपका. परतीच्या वाटेवर, ऑक्टोबरात, ते इजिप्तहून मोटारीने पॅलेस्टाइनला उतरले. जेरुसलेमजवळचे किर्यात अनाविम आणि माआले हहमिशा हे किब्बुत्स त्यांनी पाहिले. बरोबर बेन-गुरियन होते. ते दोघे लंडनमध्ये १९४१ साली भेटलेले. मायस्की बारकाईने विचारत होते की जमीन किती, पाणी किती, आणि युद्धानंतर इथे आणखी किती निर्वासित यहुदी मावतील. युरोपातल्या यहुद्यांचा प्रश्न युद्धानंतर सगळ्यांपुढे येणार हे त्यांना दिसत होते. ते मॉस्कोला गेले, वर कळवले. १९४७ साली संयुक्त राष्ट्रसंघात रशियाने फाळणीच्या बाजूने मत दिले. ते काही मायस्कींच्या एका भेटीमुळे नव्हे. पण त्या वाटेवर त्यांची पावलेही आहेत.

लाल सेना पश्चिमेकडे सरकत गेली आणि २७ जानेवारी १९४५ ला तिचे शिपाई औश्वित्झच्या फाटकात पोचले. त्या सेनेत सुमारे पाच लाख यहुदी होते. मायस्की याल्टा आणि पोट्सडॅमच्या बैठकांना रशियाच्या मंडळात बसले, नुकसानभरपाईचा हिशोब मांडला. मग हळूहळू त्यांना बाजूला सारले. ते अकादमीत इतिहास शिकवू-लिहू लागले.

१९५३ च्या जानेवारीत मॉस्कोत यहुदी डॉक्टरांवर विष देण्याचा खोटा आळ आला. १९ फेब्रुवारीला मायस्कींना उचलले. आरोप काय? तर ब्रिटनचा हेर! ज्या देशात राहून त्यांनी रशियाच्या रक्ताचा हिशोब मांडला, त्याच देशाला ते विकले गेले होते म्हणे. वय ६९. चौकशीत त्यांनी हवे ते कबूल केले. दोन आठवड्यांनी, ५ मार्चला, स्टालिन मेला. डॉक्टर महिन्याभरात सुटले. मायस्की सुटले नाहीत, ते दोन वर्षांहून जास्त आत राहिले. १९५५ साली खटला झाला, शिक्षा झाली, मग माफी मिळाली. नाव पूर्ण निष्कलंक व्हायला १९६० उजाडले. इकडे शीतयुद्ध सुरू झाले होते. ज्या लंडनने अल्बर्ट हॉलमध्ये टाळ्या वाजवल्या होत्या, तिथे आता त्या गोष्टीचे नाव काढणेही अवघड झाले होते.

म्हातारपणी त्यांनी आठवणी लिहिल्या. पण त्यांच्या रोजनिशीच्या वह्या अटकेच्या वेळी जप्त झालेल्या, त्या त्यांना थोडाच काळ चाळायला मिळाल्या, हाताशी कधी आल्या नाहीत. ३ सप्टेंबर १९७५ ला वयाच्या ९१ व्या वर्षी ते मॉस्कोत वारले. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले त्याला त्याच दिवशी ३६ वर्षे झाली होती.

वह्या मॉस्कोच्या परराष्ट्र खात्याच्या दफ्तरात पडून होत्या. तिथे त्या इस्रायलचे इतिहासकार गॅब्रिएल गोरोदेत्स्की यांच्या हाती लागल्या, आणि २०१५ साली इंग्रजीत पुस्तक निघाले. लंडनमध्ये इम्पिरियल वॉर म्युझियमच्या बागेत सोव्हिएत मृतांचे स्मारक आहे, ते ९ मे १९९९ रोजी उभे राहिले. लॅम्बेथ नॉर्थ स्टेशनवरून चालत पाच मिनिटांवर. बसायला बाकही आहेत.